चाळिसाव्याचं पत्रक आणि दूरची खिडकी

मी ब्रास्तोवो गावच्या वाचनालयातला प्रिंटर बोलतोय. माझ्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हात ठेवून सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आता, मला हात नाहीत, तेव्हा ते वाक्य तेवढं सोडून द्या. बाकी सगळं खरं. म्हणजे बहुतेक.

माझं वय चौदा. आमच्यात हे पन्नाशीसारखं धरतात. कागद ओढताना कण्हतो, पण ओढतो. पहिली सहा वर्षं मी शहरातल्या एका दाताच्या डॉक्टरकडे काढली. मग तिथे पांढराशुभ्र नवा प्रिंटर आला आणि डॉक्टरांनी मला इथे 'भेट' दिलं. टाकून द्यायच्या वस्तूला माणसं किती छान नाव देतात.

वाचनालय म्हणजे रुमेना. पुस्तकं तीच देते, बायकांचा गाण्याचा गट तीच चालवते आणि गावात कोणी गेलं की पत्रक तीच छापते. वर काळी चौकट, मधे फोटो, खाली चार ओळी. माणूस गेला त्या दिवशी एक, चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दर वर्षी. दारावर, विजेच्या खांबावर, दुकानाच्या काचेवर. आमच्या गावातल्या गेलेल्या माणसांची तोंडं मी जिवंतांपेक्षा जास्त ओळखतो.

रुमेना मनाने चांगली, पण तिची एक समजूत आहे: चालू ठेवलेली वस्तू झिजते. म्हणून काम झालं की ती मला भिंतीवरच्या बटणाने बंद करते आणि अंगावर क्रोशाचा रुमाल टाकते. पुन्हा गरज लागली, अगदी 'छापा' म्हणायची वेळ आली, की रुमाल काढते. तोवर मी अंधारात तळमळत बसतो. नवऱ्यालाही ती असंच वागवते म्हणतात. तो काही सांगत नाही.

गेल्याच आठवड्यात नगरपालिकेने सगळ्या गावांची कागदपत्रं शहरातल्या एका मोठ्या संगणकावर नेली. आता रुमेनाच्या टेबलावर नुसती खिडकी उरली. त्या खिडकीतून ती दूरच्या संगणकात शिरते, तिथल्या फायली उघडते, तिथेच लिहिते. काळ्या चौकटीचा नमुनाही तिकडेच गेला. मी मात्र इकडेच राहिलो, तिच्या कोपराशी.

मार्चमधला शुक्रवार. दहा वाजता वेलिका काकू आली, कोटाची बटणं वरपर्यंत लावून, पिशवीत नवऱ्याचा फोटो. नायदेन काका फेब्रुवारीत गेले त्या दिवशी बर्फाने रस्ता बंद होता. पाद्री धरून चार माणसं आली होती. उद्या, शनिवारी, चाळिसावा. काकूने गहू भिजत घातले होते, उकडून, साखर आणि अक्रोड घालून चर्चच्या अंगणात वाटायला.

"यावेळी रस्ता उघडा आहे," ती म्हणाली. "पण कळलं तर येतील ना. एक वाजता पावाची गाडी येते. सगळं गाव दुकानापाशी असतं. तेव्हा कागद काचेवर हवा, पोरी. नंतर लावून काय उपयोग, सोमवारपर्यंत तिकडे कुत्रंही फिरकत नाही."

"अकराला हातात देते," रुमेना म्हणाली.

ती खिडकीत शिरली. फोटो बसवला, नाव लिहिलं. मग माझा रुमाल काढला, बटण दाबलं. मी तापलो, घसा साफ केला, तयार झालो. रुमेनाने 'छापा' दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. वीस प्रती. मी नुसता गुरगुरत होतो. कोणीतरी आपल्याला हाक मारतंय आणि आवाज भलत्याच घरात जातोय, असं तुम्हाला कधी झालंय का? माझ्या आत रोलर उगाच फिरत होता.

फोन वाजला. रुमेनाने तो स्पीकरवर ठेवला. शहरातला प्लामेन, नगरपालिकेचे संगणक सांभाळणारा.

"रुमेनाताई, तुम्ही काय पाठवताय?"

"नायदेन काकांचं पत्रक. का रे?"

"ते इथे निघतंय. नगरपालिकेच्या लग्न नोंदणीच्या हॉलमध्ये. नवरानवरी सहीला बसलीत आणि शेजारच्या मशीनमधून मिशीवाला म्हातारा बाहेर पडतोय. एकामागून एक. नवरदेवाची आई बेशुद्ध पडली."

वेलिका काकूने फोनकडे तोंड केलं. "पोरा, फोटो नीट आलाय का?"

प्लामेनने एक कागद उचलून बघितला. "छान आलाय, काकू."

"मग इकडे पाठव."

"बस संध्याकाळी सहाची आहे, काकू."

मग सुरू झाली ती वरात. प्लामेन म्हणाला, छापायच्या यादीत बघा, तुमच्या प्रिंटरचं नाव आहे का. नव्हतं. खिडकीत शिरण्याआधी 'प्रिंटर' समोर बरोबरची खूण आहे का? होती. प्रिंटर तरी धड आहे का? रुमेनाने माझं बटण दाबून चाचणीचं पान काढलं. एक सोडून तीन काढली, प्लामेनला ऐकू जावं म्हणून.

"ऐकलंस? धडधाकट आहे."

"मग खिडकी बंद करून परत उघडा."

तिने फुली मारली, उघडली. मी नव्हतोच. वायर काढून लावली. नव्हतो. मग संगणकच बंद करून पुन्हा सुरू केला. तेवढ्या वेळात तिने सवयीने मला भिंतीवरच्या बटणाने बंद केलं, झिजायला नको म्हणून, आणि खिडकीत शिरल्यावर पुन्हा चालू केलं. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे एक नारिंगी दिवा.

पावणेबारा. वेलिका काकू खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायची, दारातून दुकानाकडे बघायची, परत बसायची.

"फुली मारून बाहेर पडता का?" प्लामेनने विचारलं. "तसं नाही. ती खिडकी आतून उघडीच राहते. 'बाहेर पडा' असं लिहिलंय ते दाबून बाहेर या. आत शिरतानाच तो संगणक कोण कोण बरोबर आहे ते बघून घेतो. नंतर नाही बघत."

"म्हणजे चर्चसारखं," काकू म्हणाली.

"काय, काकू?"

"पाद्री गेलेल्यांची नावं वाचतो ना. चिठ्ठी आधी त्याच्या हातात हवी. एकदा वाचायला लागला की मधेच देऊन चालत नाही. मग आपल्या माणसाचं नाव राहूनच जातं." तिने माझ्याकडे बोट केलं. "आणि हिने याची चिठ्ठी दिलीच नाही. आत गेल्यावर याला उठवते. मी दहापासून बघतेय."

प्लामेन म्हणाला, "रुमेनाताई, तुम्ही प्रिंटर बंद ठेवून आत शिरता?"

"झिजतो रे."

"आजचा दिवस झिजू दे त्याला."

रुमेना नीट बाहेर पडली. मला चालू केलं, हिरवा दिवा लागेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली, आणि मग खिडकीत शिरली. यादी उघडली. मी होतो. नावापुढे काहीतरी शेपूट जोडलेलं, पण मीच.

पहिला नायदेन बाहेर आला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी असं कधी छापलं नव्हतं. चौदाव्या प्रतीला टोनर संपत आला. काका फिके पडले.

"अशक्त दिसतोय," काकू म्हणाली. "शेवटी असाच दिसायचा."

रुमेनाने टोनर काढून हलवला, हात काळे करून घेतले, पुढचे सहा बरे आले. दोघी खळ आणि ब्रश घेऊन निघाल्या. वाचनालय भर दुपारी बंद. पावाच्या गाडीचा भोंगा मी ऐकला, तेव्हा त्या दुकानापर्यंत पोचल्या असतील की नाही, हे मला कोण सांगणार? मी चालूच राहिलो होतो, आणि तापत होतो.

शनिवारी माझ्याजवळच्या खऱ्या खिडकीतून चर्चचं अंगण दिसत होतं. साठ माणसं आली. मी मोजली.

आता माझं थोडंच राहिलंय. नवीन प्रिंटर मंजूर झालाय म्हणतात, मला कोणाला तरी भेट देतील. माझी एकच विनंती आहे: नव्याला आधी जागं करा, मग खिडकी उघडा. त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका. झिजण्यापेक्षा ते वाईट.

आणि खोटं कुठलं ते सांगून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही. नवरदेवाची आई बेशुद्ध पडली नाही. तिने फक्त कागदांचा गठ्ठा नीट केला आणि पालथा ठेवला. आणि साठ माणसं नव्हती. एकतीस होती. गव्हाच्या वाट्या मात्र काकूने साठ भरून आणल्या होत्या. उरलेल्या घेऊन ती पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांसमोर गेली, आणि कोणीही नको म्हणालं नाही.