तांदळाच्या डब्यातला पेनड्राइव्ह

मी एक पेनड्राइव्ह बोलतोय. बोटाएवढा, निळा, टोपण हरवलेला. मुक्काम मालवणजवळच्या एका शाळेत, खिचडीच्या तांदळाच्या डब्यात. हसू नका, त्याला कारण आहे.

आमच्या शाळेत अकरा संगणक. खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या हार्डडिस्क एकेक करून खाल्ल्या. मुख्याध्यापक गुरुप्रसाद सरांनी संगणक शिकवणाऱ्या सुगंधाबाईंना बजावलं, "दिवाळीच्या सुट्टीआधी चालू करून दाखवा, नाहीतर सगळे भंगारात." बाई हट्टी. म्हणाल्या, "डिस्क गेली म्हणून संगणक मेला नाही, सर."

मग माझी घडण सुरू झाली. बाईंनी घरच्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घेतली, मुलांना नको ते सगळं छाटलं, मराठी कळफलक आणि चित्रांची वही घातली आणि ते माझ्यात भरलं. मला संगणकाला जोडलं की त्याने माझ्यावरूनच चालू व्हायचं, डिस्क लागतच नाही. सांगायला सोपं! सहा वेळा पडदा काळाच राहिला आणि सहा वेळा बाईंनी मला पुसून पुन्हा भरलं. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होई. सातव्यांदा पडद्यावर 'नमस्कार' उमटलं, तेव्हा खिचडी करणाऱ्या हौसाबाई पदराला हात पुसत धावत आल्या. "ह्येका तांदळात ठेव गो," त्या बाईंना म्हणाल्या, "खारो वारो लागलो तर ह्यो पण मरतलो."

सरांना दाखवायच्या दिवशी सातवीतली संचिता माझ्यावर लिहायला बसली. तिचे बाबा रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जातात. बांगडो, पेडवे, मोरी, सौंदाळो... चाळीस माशांची नावं तिने तासभर एकेक अक्षर शोधत टाइप केली. सर खोलीत आले आणि नेमकी वीज गेली.

वीज आली. मी पुन्हा चालू झालो, लख्ख आणि कोरा.

"बाई, माझे मासे खंय गेले?" संचिताला रडूच फुटलं. दोष माझाच होता. लिहिलेलं ठेवायला माझ्यात जागाच नव्हती. बंद झालो की सगळं विसरायचो. रोज कोरी पाटी असली तर मुलं काही बिघडवणार नाहीत, असं बाईंना वाटलं होतं. सर म्हणाले, "विसरभोळं यंत्र मुलांना काय शिकवणार, बाई?" ते मला फार लागलं.

"आठ दिवस द्या, सर," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला आठव्यांदा घडवलं. या वेळी माझ्या पोटात एक कप्पा राखला आणि लिहिलेलं दर मिनिटाला आपोआप त्यात उतरेल अशी सोय केली. आठव्या दिवशी सरांसमोर संचिताने पुन्हा पहिल्या बांगड्यापासून सुरुवात केली.

चाळिसावं नाव लिहून झालं. बाईंनी घड्याळात एक मिनिट जाऊ दिलं, भिंतीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच बंद केला.

"अहो बाई, काय करताय!" सर ओरडले. बाईंनी शांतपणे स्विच पुन्हा चालू केला. मी इतका कधी घाबरलो नव्हतो. पडदा उजळला, संचिताने कप्पा उघडला.

"आसत!" ती किंचाळली. "बाई, सगळे आसत!"

त्याच संध्याकाळी मालवणच्या बाजारात जाऊन सरांनी माझी दहा भावंडं आणली.

आता मी थकलोय. तांदूळ असूनही माझ्या टोकाला हिरवट डाग पडलेत. आम्ही फार जगत नाही, त्याचं मला वाईटही वाटत नाही. मागणं एकच आहे: मी बंद पडण्याआधी माझी प्रत काढा. संचिताच्या यादीत आज एकशे बारा मासे आहेत. त्यातला एकही पुन्हा हरवता कामा नये.