त्र्याहत्तर फेऱ्या

पांढऱ्या सदऱ्यातल्या वाढप्याने बादलीत बर्फाचा चुरा ओतला, त्यात फेसाळत्या वाइनच्या चार बाटल्या माना वर करून खोचल्या आणि वरून इस्त्रीचा रुमाल पांघरला, तेव्हा ओडिल स्टेव्हेलिंकने तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडायच्या आत पोटातलंच काहीतरी वर येऊ लागलं, म्हणून त्याने ते पुन्हा घट्ट मिटून घेतलं.

बादली त्याची होती. पांढरी, एनॅमलची, निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. गावच्या सायकलशर्यतीच्या शंभराव्या वर्षाचं प्रदर्शन भरणार म्हणून नवा व्यवस्थापक योरिस प्रोवूस्ट याने ती आग्रह करकरून मागितली होती. ओडिलने सोडा लावून ती तीनदा घासली, कागदात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन ट्रॅमने आणली. काचेच्या पेटीची किल्ली सापडेना, म्हणून योरिसने ती घटकाभर खाण्याच्या टेबलावर टेकवली. वाढप्याला वाटलं, जुन्या वळणाची काहीतरी शोभेची वस्तू दिसते.

"चेहरा बघ तुझा," शेजारी उभी असलेली गोडलिव्ह, त्याची बायको, पुटपुटली. "आंबलेल्या कणकेसारखा झालाय. काय झालं?"

"काही नाही. तू वाइन घेऊ नकोस."

"का?"

"नको म्हणतो ना."

आता त्या बादलीचं सांगायला हवं. ज्यांचं जेवण नुकतंच झालं असेल त्यांनी हवं तर जरा थांबून वाचावं.

शेल्डेकर्के गावची ही सायकलशर्यत सहा दिवस चालते. छपराखाली, लाकडी फळ्यांच्या लांबट गोल ट्रॅकवर. त्याची वळणं इतकी उभी की माणूस घसरला तर सरळ मधल्या हौद्यात, बिअर पिणाऱ्यांच्या मांडीवर. पूर्वी रात्रंदिवस चालायची. दोघांची जोडी, आणि दोघांपैकी एकाचं चाक ट्रॅकवर फिरत राहिलंच पाहिजे. दुसऱ्याने तेवढ्या वेळात ट्रॅकच्या कडेला, पडदा लावलेल्या हातभर खोपीत झोपायचं, खायचं, पाय चोळून घ्यायचे आणि बाकीचं जे काही असतं तेही तिथेच करायचं. ते बाकीचं बादलीत. बादली उचलायची मालिशवाल्याने. पडद्यातून काढायची, वर टॉवेल टाकायचा, आणि ट्रॅकखालच्या भुयारातून, सॉसेज खाणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत मागच्या खड्ड्यापर्यंत न्यायची. ओडिलने मालिशवाला म्हणून हे एकतीस हिवाळे केलं. एकदा म्हणे एका जाडजूड धान्यव्यापाऱ्याने, आज कसलं सूप आहे, असं विचारून टॉवेल उचलला होता. तो माणूस पुढच्याच वर्षी कॅपुचिन मठात दाखल झाला, असं ओडिल शपथेवर सांगतो. मठाची चौकशी कोणी केलेली नाही.

बादलीची किळस कमी पडेल म्हणून इतरही गोष्टी होत्या. बूड सोलवटलं की सायकलवाले चड्डीत गाईच्या मांसाचा कच्चा तुकडा घालून बसायचे. तो बदलायचं काम ओडिलचं. सहाव्या दिवशी निघालेला तुकडा त्याने एकदा खाटकाच्या कुत्र्यापुढे टाकला, तर कुत्र्याने ओडिलकडे असं पाहिलं की आजही तो ती नजर विसरलेला नाही.

सगळ्यांत मोठी शिक्षा घरी होती. लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तो सहा दिवसांनी परतला, तेव्हा गोडलिव्हने परसातल्या पंपाशी साबणाची वडी ठेवली. कपडे तिथेच, हात तिथेच, मग घरात. ते समजण्यासारखं होतं. पण रात्रीच्या जेवणाला त्याने पावाला हात घातला, आणि तिने पाव आपल्याकडे ओढून घेतला. तिच्या बापाच्या घरी, तिकडच्या प्रत्येक घरी, घरधनी सुरीच्या टोकाने पावाच्या पाठीवर क्रूस ओढतो आणि मग सगळ्यांना कापून देतो. गोडलिव्ह म्हणाली, त्या हातांनी क्रूस नको. तेव्हापासून पाव तीच कापत आली. पुढे तीन लेकी झाल्या, शिकल्या, नांदायला गेल्या. बाप पाव का कापत नाही, हे एकीनेही विचारलं नाही.

तर आता हॉलच्या मधोमध योरिसचं भाषण सुरू होतं. निमंत्रित लोक ऊन ऊन शिंपले खात, बोटं चाटत ऐकत होते. योरिस इतिहास सांगत होता. पूर्वी एकेकटा माणूस सहा दिवस सायकल हाकायचा. सहाच, कारण सातवा देवाचा. लोक तिकीट काढून यायचे ते वेग बघायला नाही, तर माणूस झोपेने वेडा होऊन खांबाशी भांडायला लागतो ते बघायला. मग अमेरिकेत कायदा झाला, एका माणसाला दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त हाकायचं नाही. तेव्हा आयोजकांनी डोकं लढवलं, माणसं दोन केली आणि तास तेवढेच ठेवले. लोक हसले. एका बाईने हसता हसता शिंपल्याचं टरफल जमिनीवर टाकलं. ओडिलला सगळ्याचीच किळस आली: टरफलाची, हसण्याची, तुपकट बोटांची, आणि इस्त्रीचा कोट घालून इथे आलो म्हणून स्वतःचीही.

"आणि आता," योरिस म्हणाला, "आपले वालेर डोब्बेलार."

टाळ्या झाल्या. चाकांच्या खुर्चीत बसवून वालेरला पुढे आणलं. नऊ वेळा ही शर्यत जिंकलेला माणूस. पंच्याऐंशी वय, गाल अजून लाल, हातात वाइनचा पेला. बर्फात खोचलेल्या बाटलीतला. ओडिल त्या पेल्याकडे टक लावून बघत राहिला.

"काय रे बादल्या," वालेरने हाक मारली. उभ्या जन्मात त्याने ओडिलला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नव्हती. "जिवंत आहेस होय? मला वाटलं, खड्ड्यात पडलास."

लोक पुन्हा हसले. गोडलिव्ह हसली नाही.

योरिसने दोरी ओढली आणि भिंतीवरचा पडदा खाली आला. मागे दोन पुरुष उंचीचा फोटो होता. मेलेल्या एका फोटोवाल्याच्या पेटीत त्याची काच, म्हणजे निगेटिव्ह, नुकतीच सापडली होती. आजवर कुठे छापलेला नव्हता. बासष्ट साल, सकाळचे दहा. खुर्च्या रिकाम्या, एक बाई झाडू मारतेय, आणि ट्रॅकवर डोब्बेलारच्या पाच नंबरच्या जर्सीत एकटा माणूस चाललाय. नाकापर्यंत मफलर, डोळ्यांपर्यंत लोकरी टोपी, सायकलच्या मुठीवर पसरलेलं वर्तमानपत्र. खाली सोनेरी अक्षरं: महापुरुषाचं एकटेपण.

ओडिलने त्या माणसाला लगेच ओळखलं. कारण तो माणूस तो स्वतः होता.

त्याचं असं झालं होतं. आदल्या रात्री वालेरने शिंपले मागवले. वालेरने खाल्ले, त्याचा जोडीदार रेमी यानेही खाल्ले. सकाळी रेमी ट्रॅकवरून उतरला तो दुमडलेल्या सुरीसारखा, आणि सरळ बादलीवर बसला. आता वालेरने ट्रॅकवर जायचं, तर वालेरच रेमीला ढकलू लागला. माणसं दोन, बादली एक. त्या खोपीत पुढे जे झालं त्याचं वर्णन ओडिलने पाद्रीबाबापुढेही अर्ध्यावर सोडलं होतं. एक चाक फिरायला हवं, नाहीतर जोडी बाद. त्या वेळी प्रेक्षक नसायचे, पंच खुर्चीत घोरायचे आणि सायकलवाले मफलरी गुंडाळून, पेपर वाचत, मुंग्यांच्या चालीने नुसते फिरायचे. वालेरने आपली जर्सी आणि टोपी ओडिलच्या अंगावर फेकली. मफलर ओडिलचा स्वतःचाच होता. जा, म्हणाला, आणि आधी गळ्यातल्या मेरीमातेच्या बिल्ल्यावर हात ठेवून शपथ घे, की मरेपर्यंत बोलणार नाहीस.

वालेरचे बूट ओडिलला होईनात, म्हणून तो घरातल्या नमद्याच्या सपाता घालूनच चढला. पाऊण तास, त्र्याहत्तर फेऱ्या. पहिल्या दहांत तो मेल्यासारखा होता. मग लाकूड चाकाखाली गुणगुणायला लागलं. वरच्या काचांतून ऊन आलं. त्याने पेपर पसरला आणि कबुतरांच्या लिलावाचं पान काढलं. माणसाला आयुष्यात असा पाऊण तास एकदाच मिळतो, आणि तो बासष्ट सालापासून पोटात दाबून होता.

परत आला तेव्हा वालेरने त्याला शाबासकी दिली नाही. खोपीत टॉवेल उरला नव्हता, म्हणून त्याच्या गळ्यातला मफलर ओढून घेतला आणि त्याने जे पुसायचं ते पुसलं. तो मफलरही बादलीबरोबर खड्ड्यात गेला. ओडिलने घरी सांगितलं, हरवला.

गोडलिव्ह फोटोच्या अगदी जवळ गेली होती. चष्मा वर, चष्मा खाली. मग ती वळली, आणि तिचा आवाज ओडिलने ओळखला. तो आवाज चढत नसे, खाली जात असे.

"माझा मफलर आहे तो. तिसऱ्या ओळीत टाका सुटलाय बघ. लग्नाआधी विणला होता, बोटं फुटेस्तोवर. हरवला म्हणालास. महिनाभर मी चर्चच्या दारात विचारत फिरले. आणि तू या माणसाला दिलास?"

ओडिलचा हात आपोआप गळ्यातल्या बिल्ल्यावर गेला. बिल्ला तोच होता.

तेवढ्यात योरिसने ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडापुढे धरला. "स्टेव्हेलिंकसाहेब, त्या सकाळी तुम्ही तिथे होतात. सांगा ना आम्हाला, आपले वालेर त्या एकांतात काय विचार करत होते?"

"सांग, बादल्या, सांग," वालेर म्हणाला. तो हसत होता, पण पेला धरलेला हात मांडीवर टेकला होता.

ओडिलला समोर एकच माणूस दिसत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. शपथ मोडावी तर मेरीमाता. पाळावी तर गोडलिव्ह. आणि हे शिंपलेखाऊ लोक हे ऐकून उद्या पुन्हा शिंपलेच खाणार.

"विचार वगैरे काही नाही," तो म्हणाला. "फोटोतला माणूस कबुतरांच्या लिलावाचं पान वाचत होता. निनोव्हच्या न्हाव्याची निळी मादी विकायला होती, पांढऱ्या डोळ्याची. त्याला ती फार हवी होती. घरी नवी बायको होती, तिला विचारायचं धाडस होईना. पायात सपाता होत्या, बोटं गारठली होती. त्र्याहत्तर फेऱ्या झाल्या. मी मोजल्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, किती साधा माणूस आपला वालेर. योरिसने कौतुकाने विचारलं, मग वालेर, घेतलंत की नाही ते कबूतर?

वालेरने कबूतर फक्त ताटात पाहिलेलं होतं. "घेतलं असेल," तो म्हणाला, आणि पेला एका घोटात संपवला.

गोडलिव्ह पुन्हा फोटोकडे वळली होती. या वेळी ती मफलर बघत नव्हती. ती वाकून खाली बघत होती, पावलांकडे. उजव्या सपातेच्या अंगठ्यावर चौकटीच्या कापडाचं ठिगळ होतं, तिनेच लावलेलं. ती निळी मादी ओडिलने लग्नाच्या पहिल्याच डिसेंबरात न विचारता आणली होती, आणि त्यावरून घरात नाताळभर अबोला होता. मग तिने बोटाने, कोणी बघत नाहीसं पाहून, ते ठिगळ चाचपलं.

"घरी जाऊ," ती म्हणाली.

दाराशी पोहोचले तेव्हा मागून वालेरची खुर्ची करकरत आली. तो एकटाच होता, आणि गालांवरचा लाल रंग उतरला होता.

"ओडिल," तो म्हणाला. "ती तुझी बादली. पेटी उघडलीय. तिथेच ठेवायची की नेतोयस?"

ओडिलने टेबलाकडे पाहिलं. वाढप्या बर्फ बदलत होता. सगळं सांगून टाकावं असं त्याला एकदा वाटलं, पेल्याचं, बर्फाचं, सगळं. पण ज्याचं त्याला परत मिळालं होतं, आणि तेही थंड करून.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझीच आहे ती, वालेर."

ट्रॅममध्ये दोघं शेजारी बसली. एका ठिकाणी ती खिडकीकडे बघत म्हणाली, "हँडल डगमगत होतं का?"

"पहिल्या दहा फेऱ्या."

"वाटलंच मला."

घरी आल्यावर सवयीने तो परसाकडे निघाला, पंपाकडे.

"कुठे चाललास? बस," ती आतून म्हणाली.

तो बसला. टेबलावर ताकातल्या भाजीचं सूप होतं, लोणी होतं आणि सकाळचा अख्खा पाव. गोडलिव्हने सुरी पावावर ठेवली आणि फळीसकट दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं. स्वतः सुपात चमचा फिरवत राहिली, जणू रोज असंच होतं.

ओडिलने पाव उलटा केला. सुरीचं टोक त्याच्या पाठीवर ठेवलं आणि उभी रेघ ओढली, मग आडवी. आडवी जरा तिरकी गेली. मग पाव छातीशी धरून, तिचा बाप धरायचा तसा, त्याने कापायला घेतलं. पहिला तुकडा एका बाजूला जाड आला, दुसऱ्या बाजूला कागदासारखा पातळ.

गोडलिव्हने तो त्याच्या हातातून घेतला आणि लोणी न लावताच खाल्ला.