पोटातलं लोखंड

मी व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र बोलतोय. नाक मुरडू नका. माझ्याहून अडाणी माणसं बोलतात तेव्हा माना डोलावता की. मला एकच गोष्ट येते. टीव्हीचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, माझ्या टाळूवर खोचला की माझा काटा हलतो. हिरव्यात गेला तर व्हॉल्व्ह चांगला, तांबड्यात अडकला तर मेला. एवढ्या विद्येवर अलेप्पोत मला लोक शहाणा समजतात. यावरून काय ते समजा.

जन्म माझा गारबिसच्या जेवणाच्या टेबलावर झाला. परदेशी माल यायचा बंद झाला होता. गारबिस म्हणाला, आपणच बनवू. टेबल आमच्या ताब्यात गेलं आणि घरची माणसं ताटल्या मांडीवर घेऊन जेवायला लागली. तेलाचे डबे ठोकून तो आमची अंगं करायचा. त्याची बायको सिरानुश तारांना डाग द्यायची आणि मधूनच उठून कांदा परतायची. शेवटी गारबिस चांगला व्हॉल्व्ह लावून काटा हिरव्यात जुळवायचा. तेवढा वेळ घरात कुणी खोकायचंसुद्धा नाही. काट्यामागं त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. लोक म्हणाले, जर्मन नाव घाल. तो म्हणाला, चुकलं तर शिव्या जर्मन माणसानं का खायच्या?

असा हा खुळा.

बाजारात आमची काय शोभा झाली म्हणता! दुरुस्तीवाले काट्याकडं बघायचेच नाहीत. खरबूज घेतल्यासारखं हातात उचलायचे, जरा झेलायचे आणि खाली ठेवायचे. हलकं आहे म्हणे. जर्मन यंत्र कसं, उचलताना कंबर धरते.

मग सिरानुशचा भाऊ वाहराम पुढं सरसावला. शर्ट विकणारा माणूस, त्याला सगळं कळायचं. भंगारातले लोखंडाचे तुकडे घेऊन आला आणि म्हणाला, "भावोजी, माणूस आधी हातानं विश्वास ठेवतो. यांच्या पोटात हे घाला."

"तुला लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. म्हणून आमच्या घरी टेबलावर जेवतात."

गारबिस कबूल झाला, पण शरमेनं त्यानं तोंड फिरवलं. काटा जुळवायचा आणि यंत्र वाहरामकडं सरकवायचं, पुढं बघायचं नाही. वाहरामनं लोखंड नेमकं काट्याच्या पाठीला चिकटवलं आणि झाकण बंद केलं.

माझा काटा हलतो चुंबकाच्या जोरावर. पाठीला लोखंड चिकटलं की ते जोर खातं. गारबिसला हे झोपेतही ठाऊक होतं. पण तोंड फिरवलेल्या माणसाला काय दिसणार? मी जन्मतःच लंगडा झालो. कोरा करकरीत व्हॉल्व्ह लावा, माझा काटा आपला तांबड्यातच.

आणि आम्ही गरम पावासारखे खपलो.

मला अबू जाहिरनं घेतलं. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, याला म्हणतात माल. त्या दिवसापासून त्याच्याकडं येणाऱ्या प्रत्येक टीव्हीचे सगळे व्हॉल्व्ह मेलेले निघू लागले. आधी त्यानं माझ्यावर भोळेपणानं विश्वास ठेवला. धंदा वाढला तसा विश्वासही वाढला.

एकदा गारबिसच्या सासूचा टीव्ही तिथं आला. बाई चिवट, काढलेले व्हॉल्व्ह घरी घेऊन गेली. गारबिसनं ते आपल्या उघड्या, बिनलोखंडाच्या यंत्रावर लावले. सगळे हिरवे. तो तसाच दुकानात आला, हातात स्क्रूड्रायव्हर.

"अबू जाहिर, हे यंत्र खोटं सांगतंय. पाठ उघडू दे, आत्ता नीट करून देतो."

"बसा उस्ताद, कॉफी घ्या. आजवर एक तक्रार नाही याची."

"येईल कशी? चांगले काढून नवे घालतोस, टीव्ही चालणारच. एखादा नवा लावून बघ यावर."

"नवा कोण तपासतो, उस्ताद?"

बाकावर उम्म नवाफ नावाची म्हातारी बसली होती. तिच्या व्हॉल्व्हला मी नुकतंच मारून टाकलं होतं. गारबिस तिच्याकडं वळला. "खाला, तुमचा व्हॉल्व्ह चांगला आहे. हे यंत्र मीच बनवलंय. माझी चूक झाली."

तिनं त्याला खालीवर न्याहाळलं, मग मला. म्हणाली, "बाबा, यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला? खोटं माणसं बोलतात."

"त्यावर माझं नाव आहे हो," गारबिस हळूच म्हणाला.

"नाव तुमचं, यंत्र माझं," अबू जाहिर म्हणाला. "विकलेल्या लेकीच्या घरात बापानं ढवळाढवळ—" आणि जीभ चावून त्यानं कॉफी पुढं केली. गारबिसनं ती घेतली नाही.

बाकीच्या दुकानांतही तो हिंडला. कुणी पाठ उघडू दिली नाही. एकानं तर विचारलं, अशीच आणखी आहेत का? घरी जाऊन त्यानं उरलेली यंत्रं अंगणात हातोड्यानं ठेचली, असं वाहराम इथं येऊन हळहळत सांगत होता. सिरानुशनं म्हणे अडवलं नाही. आता गारबिस ग्रामोफोन दुरुस्त करतो आणि कुठल्याच वस्तूवर नाव घालत नाही.

मी मात्र गल्ल्याशेजारी मखमलीवर बसलोय. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की अबू जाहिर माझ्याकडं बोट दाखवतो आणि ते गप्प होतं. मान आहे, वजन आहे, आणखी काय पाहिजे?

पाहिजे. अबू जाहिर दुपारी जेवायला जातो, दुकान उघडंच असतं. तुमच्यातलं कुणी इकडं आलंच, तर माझ्या पाठीला चार स्क्रू आहेत. ते काढा, लोखंड उपटा आणि जाताना गटारात टाका. मी हलका होईन, मग मला इथं कुणी ठेवणार नाही. न ठेवू देत. भंगारात जायच्या आधी मला एका तरी चांगल्या व्हॉल्व्हला चांगला म्हणू द्या.