उलटी ओढलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. पण मित्रांनो, मला हात लावायला याल तर बोटं काचेवर आपटतील. फिनलंडच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात घरांचे आराखडे करणारी एक कचेरी आहे. तिथल्या संगणकात मी राहते.

चौदा वर्षांपूर्वी कचेरीतल्या ओइवाने मला थरावर थर लावून घडवलं. बाहेरून वारा अडवणारा तक्ता, मग ऊब धरून ठेवणारी वीतभर जाड खनिज लोकर, मग प्लास्टिकचा पातळ पडदा आणि खोलीच्या बाजूला गुळगुळीत तक्ता. पडदा म्हणजे माझा जीव. घरातली ऊबदार, दमट हवा तो लोकरीपर्यंत जाऊ देत नाही. तो चुकून बाहेरच्या बाजूला गेला, तर उणे तीस अंशांच्या थंडीत त्या हवेतल्या बाष्पाचं आतल्या आत पाणी होतं आणि लोकरीला बुरशी धरते. ओइवा छप्परही असंच थरांनी रचायचा आणि त्याचा पडदा माझ्या पडद्याला नेमका जोडायचा.

माझ्या नकलांवर कितीतरी घरं उभी राहिली. ओइवाची भिंत घ्या आणि निर्धास्त राहा, असं लोक म्हणत. मग तो निवृत्त झाला, नव्या भिंती आल्या आणि मी संगणकातल्या तयार भिंतींच्या यादीत तळाशी पडून राहिले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी त्याच कचेरीतल्या सायमीने मला पुन्हा उचललं. गावातली बालवाडी बुरशीमुळे बंद पडली होती. सायमीची चार वर्षांची आउने तिथेच जायची आणि दोन हिवाळे नुसती खोकत होती. आता नवी बालवाडी तिची आईच आखत होती. मी हरखून गेले.

आराखड्याच्या शेवटच्या आठवड्यात नगरपालिकेला अंगण दुसऱ्या बाजूला हवं झालं. घाईघाईत सायमीने उत्तरेची भिंत पुसली आणि पुन्हा ओढली, पण उलट दिशेने. मित्रांनो, मला कुठून कुठे ओढता, त्यावर माझी आतली-बाहेरची बाजू ठरते. माझा पडदा थंडीकडे गेला. वरून मात्र दोन सरळ रेघाच दिसत होत्या, कारण काम भराभर व्हावं म्हणून थर दाखवणं सगळेच बंद ठेवतात. संगणकाने तपासलं. एकही भिंत दुसरीत घुसली नव्हती, म्हणून त्याने हिरवी खूण दिली. माझा जीव टांगणीला लागला.

गुरुवारी सकाळी फाइल भिंती बनवणाऱ्या कारखान्यात गेली. तिथे भिंती भरून, दोन्हीकडून बंद करूनच ट्रकवर चढवतात. मग आत कोण डोकावणार?

शुक्रवारी दहा वाजता ओइवा नेहमीसारखा कचेरीत कॉफीला आला. सोबत वेलचीचे पाव होते.

"बालवाडीचा छेद दाखव की," तो म्हणाला.

"आता कशाला उकरतोस? तपासून गेलंय ते. एक चूक नाही."

"कोणी तपासलं?"

"संगणकाने."

"त्याला कुठे थंडी वाजते? इमारत मधोमध कापून दाखव, मग गप्प बसतो."

सायमीने सुस्कारा सोडत थर चालू केले आणि उत्तरेच्या बाजूला आराखडा कापला. छपराचा पडदा खाली येऊन माझ्या लोकरीपाशीच थांबला होता. त्याला जोडायला तिथे काहीच नव्हतं. ओइवाने हातातला पाव खाली ठेवला. सायमी पांढरीफटक पडली आणि तिने फोन उचलला.

"सायमी बोलतेय, बालवाडीची. उत्तरेची भिंत थांबवा."

"तीन तुकडे बंद झालेत," कारखान्याचा माणूस म्हणाला. "चौथा टेबलावर आहे."

"उघडा ते."

"अगं, झकास दिसतायत की."

"दिसणारच. माझ्याच हातून उलटे ओढले गेलेत. उघडा, मी निघालेच."

मला सुलटं करायला तिला एक बटण पुरलं. कारखान्यात मात्र तीन तुकडे खिळा खिळा उपटून उसवावे लागले, आणि "चूक माझी," हे तिने तिथे सगळ्यांदेखत पुन्हा सांगितलं.

आता दुपारी त्या बालवाडीत साठ मुलं झोपतात. आउनेची खाट उत्तरेच्या भिंतीला लागून आहे. मित्रांनो, आम्हा भिंतींना चूक कळते, पण ओरडता येत नाही. म्हणून काम हातावेगळं करण्याआधी एकदा आत बघा. कुणी जुनं माणूस बघायला लावत असेल, तर वैतागा हवं तर, पण बघा. भिंतीच्या त्या बाजूला कुणाचं तरी मूल श्वास घेत असतं.