बांधावरचा धूर

लीलाधर सरांनी ब्रश पाण्यात इतक्या जोरात आपटला की गढूळ निळे थेंब त्यांच्या पत्नी मंदाबाईंनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उडाले.

"भाऊ, कितीदा सांगू? ते धुकं आहे, धुकं! त्यात केळी अशीच दिसतात."

स्टुलावर बसलेले थोरले भाऊ गिरधर ढिम्म. सकाळच्या एस.टी.नं ते रावेरहून धुळ्याला आले होते, आणि देवपूरच्या या दोन खोल्यांत पाय ठेवल्यापासून चित्राच्याच मागे लागले होते. चित्र त्यांच्याच बागेचं. चार वाजता शाळेचा शिपाई भटू ते मुंबईच्या प्रदर्शनासाठी पार्सल करायला नेणार होता. वीस वर्षं चित्रकला शिकवून पहिल्यांदाच निवड झालेली. ते जाण्याआधी भावानं एकदा 'बरं काढलं' म्हणावं, एवढ्यासाठी सरांनी पत्र टाकून त्यांना बोलावलं होतं. पण कसलं काय!

"विहीर कुठी गेली?"

"धुक्यात आहे."

"अन् आंबा?"

"तोही धुक्यातच."

"सारंच धुक्यात हाये, मंग तू काढलं काय?"

चहा घेऊन आलेल्या मंदाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. सरांचं डोकंच फिरलं.

"मी पहाट काढलीय, भाऊ! गारवा काढलाय. आता काय प्रत्येक झाडाला घड लटकवू?"

"लटकवले असते तं काय बिघडत होतं?"

सर कपाळाला हात लावून खिडकीशी गेले. या माणसाला बोलावलं हीच चूक, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांच्या पाठीमागे भाऊंनी चष्मा नाकावर सरकवला आणि ते चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर वाकले.

"हा धूर हाये."

"धुकं—"

"मले नको शिकवू. जलमभर धूर केला म्या. बांधावर तीन ढीग पेटलेले हायेत."

सर वळले नाहीत. कडाक्याच्या थंडीत केळी वाचवायला बांधावर ओला पाला पेटवून धूर करावा लागतो. तेवीस वर्षांपूर्वी, एका पहाटे ते काम धाकट्या लीलाधरकडे होतं. तो वही घेऊन धुकं काढत बसला. उजाडल्यावर पाहिलं तर पानं काळी पडलेली, अख्खी बाग गेलेली. त्यावर भाऊ त्याला एक शब्द बोलले नव्हते, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं सरांना कायम वाटत आलं होतं.

"त्या दिवशी कुठी होता हा धूर?" भाऊंनी विचारलं.

सर आता वळले. "नव्हता, भाऊ. मी केलाच नव्हता."

भाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, सावकाश प्यायले. बाहेर सायकलची घंटी वाजली. भटू आला होता.

"थांबव त्याले," भाऊ म्हणाले. "चौथा ढीग राह्यला. वारा विहिरीकडून येतो, तठी धूर पाहिजेच."

मघापासून एक रेघही बदलायला तयार नसलेल्या सरांनी ब्रश उचलला.

"कुठं, भाऊ?"

भाऊंनी धोतराला बोट पुसलं आणि कागदाला न टेकवता दाखवलं.

"अठी."