कोपराच्या खळगीतले भोक

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दंडापासून बोटांपर्यंत रबराचा, आत लाल पाण्याच्या नळ्या. डॉक्टर होऊ पाहणारी मुले माझ्यावर सुई टोचायला शिकतात. कारखान्यातून आलो तेव्हा माझी कातडी गुळगुळीत होती. शीर डोळ्यांना दिसत नसे, बोटाने चाचपावी लागे. मुले घामाघूम होत. त्यांना शिकवणारे सर मला खोक्यातून दोन्ही हातांनी उचलून काढत.

मग वर्षे गेली. प्रत्येक तुकडी एकाच जागी टोचत राहिली आणि माझ्या कोपराच्या खळगीत भोक पडले. मुलांनी माझे नाव मामा ठेवले. "मामांकडे जायला घाबरायचं नाही, दार उघडंच असतं," असे मोठी मुले धाकट्यांना सांगत. सुई भोकात गेली की लाल पाणी येई आणि गुण मिळत.

अंगाने बारीक म्हणून जिला सगळे चिमणी म्हणत, त्या मुलीला पैकीच्या पैकी मिळाले. "हिच्या हाताला गुण आहे," सर म्हणाले.

पुढे एका दुपारी ती परत आली. सर मला पुसत होते.

"परवान्याच्या परीक्षेत नापास, सर. दुसऱ्यांदा. आता एकदाच बसता येईल."

"लेखीत गेलीस?"

"लेखी पास. सुईत गेले."

"अगं, इथे तर डोळे झाकून टोचायचीस!"

"तिथला हात कोरा होता, सर. मी भोक शोधत बसले."

सरांनी पुसायचे फडके बाजूला ठेवले. मग बाही वर सारून त्यांनी स्वतःचा हात माझ्या शेजारी ठेवला. "सुई राहू दे. नुसती शीर शोध. दाब, सोड, पुन्हा दाब."

"ही?"

"ती स्नायूची दोरी. तिथं टोचलंस तर मी काही मामा नाही, बोंब मारीन."

ती हसली नाही. पुन्हा दाबू लागली.

त्यानंतर ती रोज येई. घरी आई आणि आत्या तिच्यापुढे बाह्या सारून बसत, असे ती सांगे. तिसऱ्या वेळी ती पास झाली. "कोऱ्या हातावर सापडली, सर," एवढेच म्हणाली आणि खुर्चीत बसून राहिली.

सरांनी नव्या हाताची मागणी केली होती. तो आला नाही. सर निवृत्त झाले. नवी तुकडी आली, मला कपाटातून काढले. पहिल्या मुलाची सुई सरळ भोकात गेली. लाल पाणी आले. नव्या बाईंनी पूर्ण गुण दिले.

मित्रांनो, जुनी वस्तू जपावी, असे तुम्हाला शिकवले असेल. मला जपू नका. नवा हात आणा. तो येईपर्यंत माझ्यावरच शिकावे लागले, तर भोकापासून दोन बोटे लांब टोचा. चुकेल. पुन्हा चुकेल. इथेच चुका. मला दुखत नाही.