ग्लेबच्या बाकावर कोणी बसायचं

आठवीच्या वर्गात सोळा बाकं होती. बाक म्हणजे दोघांत मिळून एक टेबल आणि त्याला दोन सुट्या खुर्च्या. म्हणजे खुर्च्या बत्तीस हव्यात. नेल्याने त्या दोनदा मोजल्या. बत्तीसच होत्या. पण त्यांतल्या तीस आपापल्या जागी होत्या आणि दोन खिडकीखालच्या, खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरला चिकटवून ठेवलेल्या होत्या. खिडकीच्या रुंद फळीवर खोडरबराचा चुरा होता, पेन्सिलीची सोललेली वेटोळी होती, सूर्यफुलाच्या बियांची सालं होती. कोणीतरी तिथे बसून लिहीत होतं, आणि एकदाच नाही. भिंतीकडच्या रांगेतल्या पहिल्या बाकाला मात्र एकही खुर्ची नव्हती.

ते बाक ग्लेबचं होतं.

त्याच्या पृष्ठभागावर पारदर्शक कागदाखाली ग्लेबचा लष्करी गणवेशातला फोटो होता. जन्म, शाळा सोडल्याचं वर्ष, तिकडे गेल्याची तारीख, तिथून न आल्याची तारीख, आणि मरणोत्तर मिळालेल्या पदकाचं चित्र. नेल्या याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दर सोमवारी मुलं यायच्या आत ती ओलं फडकं घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढायची आणि आपल्या मुलाचा चेहरा पुसायची. गावाबाहेर कबर होती, नाही असं नाही. पण शवपेटी आली ती धातूची, झाळून बंद केलेली. उघडू नका म्हणून बजावलं होतं. कबरीवर जाऊन ती क्रॉसकडे बघून परत यायची. चेहरा होता तो इथे.

तिने दोन्ही खुर्च्या उचलून बाकाशी लावल्या. लादी पुसताना कोणी सरकवल्या असतील, असं मनाशी म्हणाली आणि खाली जाऊन मुलांच्या जेवणासाठी कुट्टूचे दाणे शिजायला टाकले. दुसऱ्या दिवशी सहज वर डोकावली, तर खुर्च्या पुन्हा खिडकीशी.

अशा गोष्टी वेरेसोवो गावात कोणी मुद्दाम करेल हे तिच्या डोक्यातच येईना. दोन वर्षांपूर्वी हे बाक आलं तेव्हा लाकूड कापायच्या कारखान्याने फळ्या फुकट दिल्या होत्या. टॅक्सीवाला अर्काशा ते खांद्यावर घेऊन दोन जिने चढला होता आणि कोणालाही हात लावू देत नव्हता. पोरांनी ढोल वाजवले, बायका रडल्या, तिची धाकटी बहीण ल्युदा फोटो काढता काढता हुंदके देत होती. रीत अशी की वर्गात जो गुणांत पहिला येईल त्याने वीराच्या बाकावर बसायचं, तो मान. गणिताच्या रिम्मा ओलेगोव्हनाच्या तेव्हाच्या दहावी-अकरावीच्या वर्गात सावेली नावाचा मुलगा पहिला यायचा. तो दोन वर्षं तिथे बसला. तो थाळी घेऊन समोर आला की नेल्या त्याला मोठं कटलेट वाढायची. तो मान खाली घालून थाळी उचलायचा.

या वर्षी सगळंच आखडलं होतं. कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायचा. कर्जाचं व्याज असं चढलं होतं की घर बांधायला कोणी निघेना, मग फळ्या घेणार कोण. दुकानात अंडी दहाऐवजी नऊच्या खोक्यात येऊ लागली आणि लोण्याला कुलपाची पेटी लागली. शाळेच्या नव्या इमारतीतलं रेडिएटरचं गरम पाणी ऑक्टोबर लागताच बंद केलं, कारण जुन्या-नव्या दोन्ही इमारतींना ऊब द्यायला पैसा नाही. आठवीच्या दोन तुकड्या एका वर्गात आल्या. मुलं बत्तीस, जागा बत्तीस. तोवर ग्लेबचं बाक रिकामंच असायचं. पहिलं कोण ते अजून ठरायचंय, असं रिम्मा ओलेगोव्हना सांगायची. आता ते रिकामं ठेवून भागणार नव्हतं.

नेल्याने तिलाच विचारलं. रिम्मा ओलेगोव्हना वह्यांवरून डोळे न उचलता म्हणाली की भिंतीकडून गार झोत येतो, मुलं उबेला सरकतात. नेल्या त्या भिंतीला तळहात लावून आली. भिंत कोमट होती.

शेवटी तोंड उघडलं ते तोन्याने. तोन्या म्हणजे स्वयंपाकघरातली दुसरी बाई. तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार.

"भिंत काय चाचपत बसलीयेस?" ती बटाटे सोलत म्हणाली. "तुझं पोर त्या वर्गात नाही म्हणून तू पालकांच्या ग्रुपवर नाहीस. माझा नातू आहे. दहा दिवस तिथे दुसरा विषय नाही. 'त्या बाकावर बसतो तो तिकडे जातो.' घे, कळलं? आता मला शिव्या दे."

नेल्याने शिव्या दिल्या नाहीत. खिडकीशी कोण बसतं एवढंच विचारलं.

तोन्याची सुरी थांबली. "एक तो आमच्याच जिन्यातला येगोर," ती म्हणाली. "आणि दुसरी… तुझी दाशा."

दाशा ल्युदाची मुलगी. नेल्या अंगावरचा एप्रन तसाच ठेवून निघाली. रस्त्यात पेट्रोलची रांग वळणापर्यंत आली होती. ओळखीची दोन माणसं गाडीतून हात करत होती, ती तिला दिसली नाहीत.

ल्युदा स्वयंपाकघरात हिवाळ्यासाठी बरणीत खारवायला कोबी चिरत होती. तिचा नवरा वित्या पलीकडच्या खोलीत आवाज बंद करून मासेमारीचा कार्यक्रम बघत होता. मागच्या वर्षापर्यंत तो बातम्या एवढ्या मोठ्याने लावायचा की खालच्यांना टीव्ही लावावा लागत नसे. त्याच्या गाडीच्या काचेवर सैन्याला पाठिंबा म्हणून चिकटवलेलं अक्षरही आता नव्हतं. डिंकाचे डाग राहिले होते.

"दाशाने खुर्ची ओढली?" नेल्याने उभ्यानेच विचारलं.

"ओढली. मी सांगितलं."

"तू?"

"ग्रुपवर पहिलं मीच लिहिलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. बस."

नेल्या बसली. बाक आलं त्या दिवशी तू रडत होतीस, एवढंच तिला बोलायला सुचलं. फोटो काढत होतीस.

"रडले. माझा भाचा होता तो, मी त्याला चालायला शिकवलं. आत्ताही रडेन, सांग, आत्ता रडू?" ल्युदाने कोबीचा गड्डा मधोमध चिरला. "रिम्मा ओलेगोव्हनाचा फोन आला. अभिनंदन म्हणे, दाशा पहिली आली, सोमवारपासून तिला मान. माझ्या हातातला फोन गळून पडला, नेल्या. काच फुटली, ही बघ."

"दाशा मुलगी आहे. तिला कोण नेतंय?"

"तिला नाही." ल्युदाने आवाज खाली आणला आणि मानेनेच पलीकडची खोली दाखवली. "काल त्याचा फोन बघितला मी. करारावर सही करून तिकडे गेलं तर किती देतात, ते शोधत होता. तीन दिवस कारखाना, चार दिवस घरात, आणि कर्जाचा हप्ता सातही दिवस. त्या बाकाची सावली मला या घरात नको. हस मला. पाद्र्याला सांगितलं तर तो हसला, तूही हस."

नेल्या म्हणाली की हे सगळं कोणाच्या तरी डोक्यातलं भूत आहे, एका लाकडाच्या फळीने कोण कुठे जातं? त्या बाकावर दोन वर्षं सावेली बसला, काय झालं त्याला?

ल्युदाने सुरी खाली ठेवली. बहिणीकडे ती असं बघू लागली, जसं डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकाकडे बघतो.

"तुला कोणीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

सावेली पेर्म शहरात वेल्डिंग शिकायला गेला, असं त्याच्या आईने गावात सांगितलं होतं. नेल्यानेही ऐकलं होतं आणि चांगलं झालं म्हणाली होती. तो पेर्मला गेलाच नव्हता. मे महिन्यात अकरावी संपून शाळेची शेवटची घंटा झाली, आणि त्याच आठवड्यात त्याने सैन्याच्या करारावर सही केली. ऑगस्टपासून त्याचा फोन नाही. जिवंत आहे की नाही, कोणी सांगत नाही. हे ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत होतं. पाववाल्या बाईला माहीत होतं. तोन्याला माहीत होतं. नेल्या थाळ्या भरत होती आणि तिच्यासमोरून बत्तीस मुलं जात होती, त्या सगळ्यांना माहीत होतं.

ती घरी कशी पोचली ते तिला नंतर आठवेना. बूट न काढता ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिला एकच दिसत होतं: ती मोठं कटलेट वाढतेय, आणि तो मुलगा मान खाली घालून थाळी उचलतोय.

पालकसभा गुरुवारी होती, आणि बाकाचा विषय तिथे निघणार हे तोन्याने सांगितलं होतं. कामाच्या वेळेनंतर नेल्याने एप्रन सोडला, केस विंचरले आणि वर गेली. बाक काढायचं असेल तर तिच्या तोंडावर काढा, एवढं तिने ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं.

पालक मुलांच्या खुर्च्यांत गुडघे दुमडून कसेबसे बसले होते. अर्काशा आणि आणखी दोघे भिंतीला टेकून उभे होते, कारण उरलेल्या खुर्च्यांवर कोटांचे ढीग होते आणि रिकामं होतं ते एकच बाक. नेल्याने खिडकीखालून खुर्ची ओढली, ती वर्गभर करकरत गेली, आणि ती ग्लेबपाशी बसली. रिम्मा ओलेगोव्हनाने हजेरी घेतली: पालक सत्तावीस, आणि पाहुण्या म्हणून नेल्याचं पूर्ण नाव, नेल्ली स्तेपानोव्हना. मग पडद्यांचा विषय निघाला. धुवायचे की नवे घ्यायचे, यावर लोक एवढा वेळ बोलले की पडदे हाच गावाचा प्रश्न आहे असं वाटावं.

पुढचा विषय काढताना बाईंनी चष्मा काढला. कोणीही 'युद्ध' हा शब्द उच्चारला नाही. सगळे 'तिकडे' म्हणत होते, 'ती गोष्ट' म्हणत होते. एकजण म्हणाला की मुलांच्या मनावर परिणाम होतो. एकजण म्हणाली की कोणाचा अपमान करायचा नाहीये, समजून घ्या. कारखान्यातला फोरमन म्हणाला की बाक बंद इमारतीत ठेवलं तर थंडीने लाकूड फुगेल, आणि तो हे मनापासून म्हणत होता.

"बाक काढलं असं मला लिहिता येणार नाही," रिम्मा ओलेगोव्हना म्हणाली. "वरून विचारतील. पॉलिशला पाठवलं, असं लिहीन."

नेल्या उभी राहिली. पण तिच्या आधी भिंतीकडून अर्काशा बोलला.

"बाई, तुमचं वाईट झालं, मान्य. पण तुम्हाला भरपाई मिळाली, छपरावर नवे पत्रे आले. आमच्या पोरांनी आणखी काय द्यायचं?"

कोणी त्याला गप्प केलं नाही. तिने एकेक चेहरा पाहिला. फोरमन नखं बघत होता. ल्युदा लाल झाली होती, पण खाली मान घालून. याच माणसाच्या खांद्यावरून हे बाक जिना चढलं होतं. नेल्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच गावात आलोय. माणसं तीच आहेत आणि गाव दुसरं आहे.

तेवढ्यात दार उघडलं आणि सावेलीची आई झान्ना आत आली. तिचा धाकटा याच वर्गात होता. "उशीर झाला," ती म्हणाली. मागे वळलेली डोकी पटकन पुन्हा समोर झाली. रिम्मा ओलेगोव्हनाने घाईघाईने सत्तावीसमध्ये तिचं नाव मिळवलं: अठ्ठावीस. बसायला एकच जागा होती. झान्ना खिडकीखालची दुसरी खुर्ची घेऊन नेल्याच्या शेजारी बसली. सवयीने तिने पिशवी बाकावर ठेवली, आणि खाली फोटो आहे हे दिसताच चटका बसल्यासारखी उचलली.

नेल्याही बसली. तिला क्षमा मागायची होती, पण कसली ते कळत नव्हतं.

"तो तिरका बसायचा," झान्ना हळूच म्हणाली, फोटोकडे बघत. "लिहिताना हाताखाली तुमच्या मुलाचं तोंड झाकलं जायला नको म्हणून. घरीही तीच सवय लागली, मी ओरडायचे, सरळ बस म्हणून. मग एप्रिलमध्ये जेवताना म्हणाला, 'आई, दोन वर्षं तो माझ्याकडे बघतोय. मी त्याला काय तोंड दाखवू?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हसले," झान्ना म्हणाली. "मला वाटलं, तो मोठा झाला."

नेल्याने ग्लेबकडे पाहिलं. तो फोटोत जसा बघत आला होता तसाच बघत होता: सरळ, समोरच्याच्या डोळ्यांत. फोटोवाल्याने त्याला तसं बघायला सांगितलं होतं. ती दर सोमवारी ते डोळे पुसायची. समोर रोज कोण बसतं, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

रिम्मा ओलेगोव्हनाने विचारलं की आणखी कोणाला काही बोलायचंय का. बाई नेल्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते. नेल्याने फोटोवरच्या कागदाची कड, जिथे ती थोडी सुटली होती, अंगठ्याने दाबून बसवली.

मग मतदान झालं, हात वर करून. रिम्मा ओलेगोव्हनाने रांगेरांगेने हात मोजले, मध्येच थांबली, पुन्हा सुरुवातीपासून मोजले आणि लिहून घेतलं.

हजर पालक अठ्ठावीस, पाहुण्या एक. बाक पॉलिशला पाठवण्याच्या बाजूने हात एकोणतीस.